फ्रंटोसाची जात

उचगावच्या भाड्याच्या खोलीत धम्मपालनं आफ्रिकेतले फ्रंटोसा मासे पाळलेत. डोक्यावर टेंगूळ, अंगावर काळे पट्टे, एकेक मासा वीतभर. त्यांना नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं जड पाणीच मानवतं. म्हणून आठवडाभर फाउंड्रीत राबलेला हा माणूस दर रविवारी जिन्यानं बादल्या वर नेतो. "मासं हायती का जावई?" त्याची बायको अक्षता करवादते.

मासे वाढले, टाकी वाढली, माणसांना जागा पुरेना. मग घर शोधणं आलं. मालक आधी गोड बोलायचे, मग विचारायचे, "आडनाव काय, पावणं?" कांबळे म्हटलं की आवाज उतरायचा. "बघून सांगतो." सांगितलं कुणीच नाही. धम्मपालला शिव्या द्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

परवा त्यातलाच एक मालक दारात हजर. त्याला पिल्लं विकत हवी होती. धम्मपालला त्यानं ओळखलंही नाही. काचेला नाक लावून म्हणाला, "काय रुबाब हाय! जात कुठली म्हणायची ही?"

धम्मपालनं हातातली बादली खाली ठेवली, कंबर धरली.

"बघून सांगतो," तो म्हणाला.