कात्रीला पडलेली नऊ मतं
सेनगावला कुणी मेंढ्या कातरत बसलं, की त्या कात्रीच्या आवाजानं मला अजून जागेवर थांबवत नाही. आमच्या लहानशा पक्षाला आधीच्या निवडणुकीत कात्री हे चिन्ह होतं. पुढच्या निवडणुकीत मात्र बादली मिळाली आणि कात्री गेली एका अपक्षाकडे. उरलेल्या थोड्या दिवसांत एकुलती एक जीप घेऊन मी गावोगाव बादली सांगत फिरलो. मतदानाच्या दुपारी साखरा गावात रस्त्याकडेच्या तापलेल्या पत्र्याखाली उभा होतो, तेव्हा एक म्हातारे मेंढपाळ मत देऊन घरच्या आठ माणसांसह माझ्याकडे आले. घोंगडीला लोकरीचा उग्र वास येत होता. शाईचं बोट दाखवत ते म्हणाले, “समद्यायनं बराबर कात्रीच दाबली. सुनायला तर घरची कात्री दाखवून आणलं.” खिशातलं बादलीचं पत्रक मुठीत चुरगाळत मी म्हणालो, “लई उपकार झाले, बाबा.” त्यांनी विचारलं, “या खेपेला वस्तीवर आले न्हाईत, काहून?” मी जीप बिघडल्याचं सांगितलं. जीप धडधाकट होती. ही मतं तर आपलीच, असं धरून मी त्यांच्या वस्तीवरून ती न थांबवता पुढं नेली होती.