फुकटचे कोड

माझा दादा घरी बसून एकट्याने अ‍ॅप बनवतो. गोळ्या घ्यायची आठवण करून देणारं त्याचं अ‍ॅप दोन कप चहाच्या किमतीत मिळतं. तरी मामाचा फोन आलाच, "घरच्यांकडून कसले पैसे घेतोस रे?" मामाचं कपड्यांचं दुकान आहे. तिथे त्याच्या सख्ख्या बहिणीला, आमच्या आईला, साधा रुमालही कधी फुकट मिळाला नाही. दादाने मात्र मामाला आणि त्याच्या मित्रांना मुकाट्याने फुकटचे कोड पाठवले. कोड वापरला की दादाला कळतं. एकानेही वापरला नाही.

काल दुकानात एका गिऱ्हाइकाने मामाला विचारलं, "भाच्याचं अ‍ॅप कसं आहे हो?" दादा समोरच उभा होता, शर्टाचे पैसे मोजत.

पैसे गल्ल्यात टाकत मामा म्हणाला, "चालत नसणार. नाहीतर फुकट कशाला वाटत सुटला असता?"