पट लावजो

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेनऊला मी टीव्ही भिंतीवरून उतरवला, दिवाणावर पालथा घातला आणि मागची भोकं तपासायला घेतली. एचडीएमआयचं भोक एकच, त्यात डिशची वायर. यूएसबीचं एक, रिकामं. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची जुनी तीन भोकंही रिकामी. आधी फडकं मारलं, मग सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं. टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवणारं स्वस्तातलं यंत्र घ्यायचं होतं, आणि ते त्याच दिवशी घ्यायचं होतं.

घाईचं कारण माझे सासरे. मामाजी दसऱ्यानंतर आमच्याकडे दारव्ह्याला आले. आले म्हणजे आम्ही आणले. त्याआधी गावाकडे गोठ्यात पाय घसरून पडले होते आणि दोन तास तिथेच बसून होते. शेजारी दूध मागायला आला म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी बजावलं की थंडी संपेपर्यंत यांना एकटं ठेवू नका. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. गावच्या घरात दुसरं कोणी नाही, गायही आता शेजाऱ्याच्या दावणीला.

आमच्या घरातही दिवसा कोणी नसतं. मी शाळेच्या ऑफिसात लिपिक, साडेदहाला जाते आणि साडेपाचला येते. कापसाची वेचणी सुरू, त्यामुळे नवरा दिवसभर शेतात. शेजारीण दुपारी दोनदा डोकावते. बाकीचा वेळ मामाजी आणि भिंत. गुरुवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "सोमवारच्या जीपनं जातो मी गावाले. इथं बोलाले मानूस नाई."

नवरा चिडला. आवाज चढला, ताट सरकवलं गेलं. मी मध्ये पडले नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कडी लावून ठेवता येत नाही, आणि गेले तर ते पहिल्याच दिवशी गोठ्यात शिरणार हेही मला माहीत होतं. भांडी घासून झाल्यावर मी त्यांना विचारलं, "मामाजी, गावात जाऊन तुम्ही दिवसभर कराल काय?"

"काय करन? चार जनायत बसन. पटायचं बोलन."

पट म्हणजे शंकरपट, आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. आम्ही नुसतं पट म्हणतो. मामाजींची जोडी एके काळी तीन तालुक्यांत धावायची. आता त्यांना कोणी मोबाइलवर पटाचे व्हिडिओ दाखवले तर ते मान फिरवतात. डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, पण तळहाताएवढ्या पडद्यावर बैल कोणता आणि धूळ कोणती हे त्यांना कळत नाही. टीव्हीवर दिसलं असतं. मी तेव्हाच ठरवलं.

नवरा म्हणाला, "नवा टीव्हीच घेऊन टाकू."

"चित्र दिसते ना?" मी म्हटलं. "मग याले कायले फेकता?"

तर दुपारी बाराला मी बसस्टँडजवळच्या दुकानात होते. दुकानदारानं दोन वस्तू समोर ठेवल्या. एक बोटभर लांबीची स्टिक, नाव असलेल्या कंपनीची. दुसरा साबणाच्या वडीएवढा काळा डबा, त्यावरचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं आणि दुकानदारालाही नीट वाचता आलं नाही. दोघांच्या किमतीत फार फरक नव्हता. दोघांच्याही रिमोटमध्ये माइक, बटण दाबून बोलायचं.

"मॅडम, ही फोर के आहे," स्टिक दाखवत तो म्हणाला.

"माझा टीव्ही फोर के नाही. मग ते फोर के पाहू कशात, आरशात?"

तो हसला.

मी चिठ्ठी काढली. स्टिक भोकात थेट बसेल का? टीव्ही आणि भिंत यांत दोन बोटांचंच अंतर आहे. तर सोबत आखूड वायर मिळते. वीज टीव्हीच्या यूएसबीवर भागेल का? भागेल म्हणतात, पण मध्येच बंद पडते, त्यापेक्षा वेगळं चार्जर लावा. लाइट गेली तर? इन्व्हर्टरच्या बोर्डावर एक जागा रिकामी होती. एवढं झाल्यावर मी दोन्ही यंत्रं दुकानातल्या टीव्हीला जोडून मागितली आणि बटण दाबून बोलले, "शंकरपट बैलजोडी शर्यत."

दोघांनीही बैल आणले. स्टिकनं झटकन आणले, डब्यानं जरा विचार करून. मी स्टिक घेतली.

घरी येऊन डिशची वायर काढली, डिशला लाल-पांढरी-पिवळी तिकडी लावली, मोकळ्या भोकात स्टिक बसवली. इंटरनेट माझ्या मोबाइलवरून दिलं. तासाभरात सगळं सुरू झालं. मामाजी खुर्ची ओढून बसले होते आणि मध्ये मध्ये, "शॉक लागन वं माय," असं सांगत होते. मी रिमोट त्यांच्या हातात दिला, बटण दाखवलं, म्हटलं, "हे दाबा अन् काय पाह्यचं ते सांगा."

मामाजींनी रिमोट तोंडाजवळ नेला, घसा साफ केला आणि घरात आलेल्या परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "पट लावजो वं माय."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ उमटली आणि गिटार घेतलेला एक गोरा माणूस गायला लागला.

मामाजींनी थोडा वेळ ऐकून घेतलं. "हा कोन व्हय?"

"मले काय माहीत. तुम्हीच बोलावला."

इंग्रजी ओळ मी वाचली. लावजोचं स्टिकनं 'लव जो' केलं होतं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. या वेळी सिनेमांची रांग आली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "शंकरचा पट," तेव्हा महादेवाची आरती सुरू झाली. मामाजींनी आधी हात जोडले आणि मग रिमोट माझ्याकडे दिला.

"याले माह्यं समजत नाई. राहू दे. मी उद्या जातो."

ते खोलीत गेले आणि पिशवीत कपडे भरायला लागल्याचा आवाज आला.

माझी चूक मला कळली. दुकानात मी जी मराठी बोलले ती शिक्षणाधिकारी कार्यालयातून फोन आल्यावर मी बोलते ती मराठी. मोजून, सुटी सुटी, शेवटच्या अक्षरापर्यंत. घरात तशी मी स्वतःही बोलत नाही. ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची त्याच्या तोंडून ती तपासायला हवी होती. ब्लाउज शिवायला टाकताना आपण शेजारणीचं माप देत नाही.

भाषा बदलून पाहिली. स्टिकच्या यादीत हिंदी होती, तामिळ होती, आणखी बऱ्याच होत्या, मराठी नव्हती. मग मी सगळं सोडवून खोक्यात भरलं आणि मामाजींच्या दारात उभी राहिले.

"चपला घाला. दुकानात जायचं आहे."

"कायले?"

"तुमच्या आवाजाचं माप द्यायले."

"मी येत नाई."

"नका येऊ. मग मी याहून वाईट यंत्र आणीन, अन् तुमचा मुलगा मले बोलन."

हे त्यांना पटलं की नुसती गंमत वाटली, माहीत नाही. ऑटोत बसले.

दुकानात तीनचार गिऱ्हाइकं होती. मी दुकानदाराला सांगितलं की हे बोलतील, मी नाही. त्यानं मामाजींना स्टूल दिलं आणि काळ्या डब्याचा रिमोट हातात दिला. डब्यात भाषा मराठी करून ठेवली होती.

"पट लावजो," मामाजी म्हणाले.

या वेळी पडद्यावर मराठीत अक्षरं आली: 'पाट लावतो'. खाली स्वयंपाकघरातल्या पाटांचे, चौरंगांचे आणि एका लग्नाच्या पंगतीचे व्हिडिओ.

एक गिऱ्हाईक खोकल्यासारखं हसलं. मला वाटलं, झालं. पण मामाजी चष्मा सरकवून पडद्याकडे बघत होते. ते रोज पेपर वाचतात, मराठी अक्षर त्यांच्या ओळखीचं.

"पाट नाई रे लेका," ते डब्याला म्हणाले. "काना काहून लावला? पट. पट."

दुकानदार म्हणाला, "बाबाजी, त्याले मराठी येते, पन पुन्याची येते."

"मंग वऱ्हाडी शिकव ना त्याले. किती दिवसाचा हाय हा?"

"मागच्या महिन्यात आला."

"तरी येत नाई? आमच्या इथं लग्न होऊन आलेली सून पंधरा दिवसात शिकते."

हे माझ्याकडे न बघता म्हणाले. मी नागपूरची.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. 'पट' आलं, सोबत चित्रपट आले. "शंकरपट," ते म्हणाले. 'शंकर पाटील' आलं. ते थांबले, ओठ हलवून शब्द जुळवला आणि सावकाश बोलले, "बैलायचा शंकरपट."

अक्षरं उमटली: 'बैलांचा शंकरपट'. त्यांच्या 'बैलायचा'चं यंत्रानं आपल्या मनानं 'बैलांचा' करून घेतलं होतं. खाली जोड्याच जोड्या.

मामाजींनी पहिलीच लावली. दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर दोन पांढरे बैल सुटले. मागं छकड्यावर उभा असलेला धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, एका बाजूला कलला होता.

"उजवा बैल ओढून राह्यला अन् हा डाव्याले मारते," मामाजी म्हणाले. "हारन."

बैल हरले. खोकल्यासारखं हसलेलं गिऱ्हाईक आता स्टुलाजवळ येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "बाबाजी, पुढची पाहा बरं, कोन जिंकन?" चौथ्या शर्यतीपर्यंत दुकानात कोणी काही विकत घेत नव्हतं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डबा बांधा आणि ही स्टिक परत घ्या."

स्टिक चांगली होती, यात शंका नाही. चित्र जास्त स्वच्छ, वेग जास्त. पण ती काय ऐकलं ते इंग्रजीत लिहायची, त्यामुळे चूक कुठं झाली हे मामाजींना दिसतच नव्हतं. डबाही चुका करत होता, पण मराठीत करत होता. त्याच्याशी भांडता येत होतं. मी कोणाला सल्ला देत नाही, पण कुणी विचारलं तर एवढं सांगते.

संध्याकाळी नवरा शेतातून आला तेव्हा डबा लागलेला होता. मामाजींनी त्याला पाणीही पिऊ दिलं नाही. "बस इथं. ही जोडी पाय. हिची चाल आपल्या बांड्यासारखी हाय का नाई?"

"नाही. बांड्या पुढचा पाय उचलून टाकायचा."

"तुले काय आठवते. तू तवा शाळेत होता."

दोघं अर्धा तास एका मेलेल्या बैलाच्या पायावरून भांडले. गुरुवारनंतर पहिल्यांदाच ते एकमेकांशी सरळ बोलत होते. मी भाकरी थापल्या.

एक अडचण उरली होती. इंटरनेट माझ्या मोबाइलवरून चालत होतं, आणि मोबाइल सकाळी माझ्यासोबत शाळेत जाणार. कपाटातून माझा जुना फोन काढला. काच तडकलेली, पण चालू होता. दुकानातून येताना वाटेतच मी त्यासाठी एक सिम घेऊन आले होते. ते घातलं, फोन टीव्हीमागं चार्जरला लावला, डब्याला त्याची ओळख करून दिली.

जेवण झाल्यावर मामाजींना विचारलं, "उद्याचं काय ठरलं?"

त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. ते तसं उत्तर कधी देतच नाहीत. म्हणाले, "जीपवाल्याले सांगजो, माह्ये दोन धोतरं अन् जाडी गोधडी घरून आनाले. किल्ली शेजारी हाय. इथली गोधडी पातळ हाय."

"गोठ्याचं?"

"गोठ्याले कुलूप लावाले सांग."

सोमवारी सकाळी साडेसातला मी कोपऱ्यावर गेले. जीपवाल्यानं मामाजींसाठी पुढची सीट धरून ठेवली होती. त्याला म्हटलं, बाबा येत नाहीत, ती कोणालाही द्या. धोतरं, गोधडी आणि कुलपाचं सांगितलं, आणि नवं कुलूप त्याच्या हातात दिलं, कारण गोठ्याला कुलूप कधी नव्हतंच. घरी परत आले, जेवणाचा डबा भरला आणि साडेदहाच्या आत शाळेत पोचले.