ते काने नव्हते

"सर, हितं चूल मांडू का?"

पडद्यावरची नजर न हलवता ताई हे विचारायच्या, आणि बारामतीतल्या त्या छापखान्यात नव्यानं आलेला माणूस हमखास इकडेतिकडे पाहायचा. चूल कुठेच नसायची. ताईंना विचारायचं असायचं ते एवढंच, की ‘म्हणून’ या अर्थाची तीन टिंबांची खूण, ∴, या ओळीच्या आधी टाकायची का. खाली दोन टिंबं, वर एक. चुलीचे तीन दगड असतात तशी. तुम्हीही एकदा ती खूण नीट पाहा. त्यानंतर ती तुम्हाला नुसती टिंबं म्हणून दिसणार नाही.

गणितातल्या प्रत्येक खुणेला त्यांच्याकडे असं घरचं नाव होतं. वर्गमुळाची खूण म्हणजे छप्पर. ‘चा घटक आहे’ ही खूण, ∈, म्हणजे शेतातलं दाताळं. अनंत म्हणजे लोळलेला आठ. संकलनाची लांबट खूण, ∫, म्हणजे नागोबा. आणि केवल मूल्य दाखवायला संख्येच्या दोन्ही बाजूंना ज्या उभ्या रेघा देतात, ते खांब.

या खांबांसाठीच मी हे लिहायला बसलो आहे. आता ऐंशीला टेकलो. आणखी लांबणीवर टाकलं तर राहूनच जाईल.

ताई सणसरच्या. घरी ऊस होता, दोन म्हशी होत्या. बारावीनंतर लग्न झालं, आणि सासरी आल्यावर त्यांनी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मराठीची आधी, मग इंग्रजीची. रोज सकाळच्या एसटीनं त्या बारामतीला यायच्या. आल्या आल्या आधी कीबोर्ड उलटा करून झटकायच्या, धान्य पाखडल्यासारखा, आणि मगच बसायच्या. मी त्या वेळी कॉलेजात गणित शिकवत होतो. मराठी शाळेतून आलेली मुलं अकरावीला इंग्रजी गणितापुढे गळपटायची. त्यांच्यासाठी तेच गणित मराठीत समजावणारं पुस्तक मी लिहायला घेतलं होतं, आणि छापखान्याच्या मालकांनी माझी वही ताईंच्या टेबलावर ठेवली होती.

त्या काळात संगणकावर मराठीत गणित जुळवणं काय प्रकार होता, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. मराठी फाँट वेगळा, इंग्रजी वेगळा, खुणांचा तिसराच. एकच ओळ तीन वेळा रंग बदलायची. चुकून सगळ्या ओळीला मराठी फाँट लागला, की खुणांची अक्षरं व्हायची. ‘पेक्षा लहान’ या खुणेचा तर ‘ढ’ व्हायचा. माझ्या पहिल्या प्रकरणात ‘क्ष ढ य’ अशी ओळ आली तेव्हा मी वैतागलो. ताई शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या सर. वर्गात असत्यातच की एकदोघं."

कधी फाईल दुसऱ्या संगणकावर नेली की खुणांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटायचे. मग ताई जाहीर करायच्या, "डबे आले. भाकरी कुणीच न्हाय घातली." आणि एकेका डब्यात पुन्हा भाकरी घालत बसायच्या. जी खूण कुठल्याच फाँटमध्ये सापडायची नाही, ती त्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः काढायच्या. लांबलचक राशीवर वर्गमूळ आलं तर खुणेला रेघ जोडायच्या, पडदा मोठा करून सांधा तपासायच्या आणि म्हणायच्या, "छप्पर लांबवलं. आता आत पाऊस येत न्हाय."

एवढंच असतं, तर मी त्यांना फक्त कुशल म्हणालो असतो. पण तिसऱ्या प्रकरणात त्या थांबल्या. म्हणाल्या, "सर, हितं चूल मांडलीय, पण सरपण कमी पडतंय."

मी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर मी ‘म्हणून’ म्हणत उडी मारली होती. मला ती उडी वाटतही नव्हती. ताई म्हणाल्या, मला गणित येत नाही, पण बाकीच्या चुली पेटतात आणि ही पेटत नाही एवढं कळतं. मी घरी जाऊन दोन ओळी वाढवल्या. नंतर असं किती ठिकाणी झालं, मी मोजलं नाही. पुढे त्या पुस्तकाबद्दल मुलं सांगायची, सर, तुम्ही एकही पायरी सोडत नाही. मी मान डोलवायचो. पायऱ्या मी सोडतच होतो. त्या भरून घेणारी बाई वेगळी होती.

खांबांचं काम काय, हे त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, आत ऋण संख्या असो की धन, बाहेर येताना ती धनच होऊन येते. उणे पाच आत गेले तरी बाहेर पाचच. ताईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजे शिव्या खाऊन आत गेलेला बी मानानं भाईर येतो. बरं हाय की."

आता माझी चूक.

त्या जुन्या फाँटमध्ये एक खोड होती. शब्दातला काना मधूनच सुटायचा आणि अक्षरापासून लांब एकटा उभा राहायचा. पुस्तकाच्या शेवटच्या मुद्रितात असे सुटे काने पानोपानी होते. मी तांबडं पेन घेऊन एकेक खोडत चाललो होतो. कॉलेजचे पेपर तपासायचे होते, घाई होती. हात एकदा चालू लागला की डोळा मागे पडतो. वर्गमुळाच्या प्रकरणात x – ३ च्या दोन बाजूंना उभ्या रेघा होत्या, पुसट छापलेल्या, काने वाटाव्यात अशा. मी त्याही खोडल्या. एका ठिकाणी नाही, अकरा ठिकाणी.

ताईंचा फोन आला तेव्हा मी लोणी भापकरला एका लग्नात, पंगतीत बसलो होतो. मोबाईल नवाच होता आणि चारचौघांत तो वाजल्याचं मला कौतुकही होतं. त्या म्हणाल्या, "सर, तुमी खोडल्यात त्यातलं काही काने न्हाईत. खांब हाईत. जरा पान बघता का?" मुद्रितांची दुसरी प्रत माझ्या पिशवीतच होती, शेजारी. मी पिशवीला हातही लावला नाही. म्हणालो, "अहो ताई, काने म्हणजे काने. गणित मी बघतो, तुम्ही अक्षरं बघा. खोडलंय तसं काढा."

त्या म्हणाल्या, "बरं."

पुस्तक निघालं. इंदापूरला तालुक्यातल्या गणित शिक्षकांची बैठक होती, तिथे मी ते मोठ्या हौसेनं ठेवलं. ताई छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आल्या होत्या आणि दाराशी उभ्या राहून प्रती वाटत होत्या. माझं बोलणं संपल्यावर एक तरुण शिक्षिका उठल्या. नव्यानंच नोकरीला लागलेल्या, आवाजात अदब होती. म्हणाल्या, सर, वर्गमुळाच्या प्रकरणात (x – ३) च्या वर्गाचं वर्गमूळ बरोबर x – ३ असं दिलंय, त्यात x च्या जागी एक घालून पाहिला. डावीकडे दोन येतात, उजवीकडे उणे दोन. हे दोन्ही सारखे कसे?

मी पान उघडलं. खांब नव्हते. माझ्या तोंडून आलं, "डीटीपीवाल्यांचा घोळ. काना आणि केवल मूल्य यांतला फरक सणसरच्या बाईंना कसा कळावा?"

लोक हसले. मीही हसलो. हसताना दाराकडे नजर गेली. ताईंच्या हातात छातीपर्यंत पुस्तकं होती. त्यांनी मान खाली घातली नाही, माझ्याकडे रोखूनही पाहिलं नाही. पुढच्या माणसाला प्रत दिली, त्याच्या पुढच्यालाही दिली.

घरी येऊन मी छापखान्यातून परत आलेला मुद्रितांचा गठ्ठा सोडला. तांबडी शाई माझीच होती. त्या पानाच्या समासात शिसपेन्सिलनं, बारीक सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: ‘सरांना विचारले. काढा म्हणाले.’

म्हणजे त्या दुपारपासून मला ठाऊक होतं. नंतर कधीतरी उमगलं, असं नाही. मी गठ्ठा बांधला आणि कपाटाच्या तळाशी ठेवला.

मालकांपर्यंत सभेतली गोष्ट पोचली. त्यांनी ताईंना पुस्तकांच्या कामावरून काढून लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवर बसवलं. बारावीचं पुस्तक त्यांनाच करायचं होतं. त्यासाठी त्यांनी खुणांचा नवा संच तयार केला होता, स्वतः काढलेला, हे मला छापखान्यातल्या दुसऱ्या माणसाकडून कळलं. मी ते पुस्तक पुण्याला दिलं. त्यात खुणांपेक्षा डबे जास्त आले. माझ्या मनात आलं, बरी खोड मोडली. नेमकी कुणाची, हे मात्र मी मनालाही विचारलं नाही.

वर्षं गेली. त्यांनी छापखाना सोडून सणसरलाच झेरॉक्स आणि टायपिंगचं लहान दुकान टाकलं. बसमधून मला पाटी दिसायची. मी खिडकी बदलून बसायचो.

दोन वर्षांपूर्वी प्रकाशकांनी अकरावीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणून विचारलं. तेव्हा मी कपाटाच्या तळाचा गठ्ठा काढला आणि सणसरला गेलो. ताईंचे केस पांढरे झाले होते. चष्मा जाड झाला होता. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी ते पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं बोललो. एकदाच, न थांबता. वर्गात सिद्धता सांगताना थांबायचो, तेवढंही थांबलो नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग तांबड्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "मला ठावं हुतं की सर. तांबडं पेन माझ्याकडं कवा हुतं?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलणार हुते. पण हातात पुस्तकं हुती." पान माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "लागलं हुतं. खोटं कशाला बोलू? चूल-खांब म्हनायचंच सोडलं मी. पत्रिकेत गणपती लावायचा आन् घरी यायचं."

मी विचारलं, नवी आवृत्ती तुम्ही कराल का? त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. चहा संपवला, कप विसळला. मग विचारलं, "पान बघाल का, इचारलं तर?"

मी म्हणालो, बघेन.

इंदापूरच्या त्या शिक्षिका, आता त्याही पन्नाशीच्या, त्यांनी ताईंना गणित जुळवायचा नवा प्रोग्रॅम शिकवला. सभेतलं खरं काय ते मी त्यांनाही आधी सांगितलं होतं. या प्रोग्रॅममध्ये खूण शोधावी लागत नाही, तिचं नाव लिहिलं की ती उमटते. ताई हसल्या. "आता नावानं हाक मारायची म्हना की. मग मी काय वायलं करत हुते?" आणि आपल्याला हवं ते नाव खुणेला देता येतं हे कळलं, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी फाईलच्या माथ्यावर इंग्रजी लिपीत बारसं उरकून घेतलं: चूल, छप्पर, दाताळं, नागोबा, खांब.

वर्षभर मी आठवड्यातून एकदा सणसरला जात होतो. त्या विचारायच्या, मी आधी पान उघडायचो, मग बोलायचो. दोनदा माझं चुकलेलं निघालं. सरपण अजूनही कमी पडायचं. माझ्या म्हातारपणातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते, आणि ते मला कुठल्याही हक्कानं मिळालेले नव्हते.

प्रस्तावनेत मी जुन्या चुकीची कबुली दिली. ताईंचं नाव घालायचं ठरवलं तर त्या म्हणाल्या, "नाव नगं. माहेरचं घालू का सासरचं, त्यावर घरात वाद. चूक कुनाची ते लिवा, आन् खांब परत लावा. झालं." म्हणून इथेही नाव नाही.

शेवटचं प्रकरण झालं आणि ताई आजारी पडल्या. फार दिवस नाही. गेल्या त्या दिवशी मी उशिरा पोचलो. दुकानातला कीबोर्ड टेबलावर उलटा ठेवलेला होता, झटकून.

गेल्या महिन्यात पुण्याहून फोन आला. छपाईसाठी फाईल घेतलेली मुलगी बोलत होती. तिनं चौकशीच्या सुरात विचारलं, "सर, या फाईलमध्ये काही वेगळेच शब्द आहेत. एका पानावर तर जागोजागी ‘खांब’ लिहिलंय. चुकून राहिलंय का? काढू?"

उत्तर मला येत होतं. तरी मी म्हणालो, "थांबा. पान समोर घेतो."