उभ्या केलेल्या बाटल्या

वाइनची पहिली बाटली उघडली आणि खोलीभर सिरक्याचा आंबट वास पसरला.

नाईकसाहेबांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच टेबलावर ठेवला. "रसूल, हे काय आहे?"

रसूलचाचांनी दुसरी बाटली उघडली. तोच वास. तिसरीचं बूच बाहेर आलंच नाही. वाळक्या भाकरीसारखं चुरा होऊन आत पडलं.

"उद्या संध्याकाळी जेवण आहे," नाईकसाहेब म्हणाले, "आणि तू मला लोणच्याचं पाणी दाखवतोस? वीस वर्षं याच बाटल्या सांभाळायचा पगार घेतलास ना?"

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "चूक झाली, साब."

चूक त्यांची नव्हती. ती कोणाची होती हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. त्यातला दुसरा मी. हातात रजिस्टर धरून मी गप्प उभा राहिलो.

मी तेव्हा आदिलाबादला आबकारी खात्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आबकारी म्हणजे आजचं एक्साइज. बेल्याजवळच्या एका खेड्यात माझा बाप वांगी-मिरची पिकवायचा. आमच्या घरात बी. ए. झालेला मी पहिलाच. सरकारी शाळा, फुकटचं वसतिगृह आणि दोन-तीन चांगले मास्तर यांच्या जोरावर मी तिथवर पोचलो होतो, आणि त्या उपकारांची जाणीव ठेवून नोकरी अगदी नियमाने करत होतो. माझं काम सेंधीची झाडं मोजायचं. सेंधी म्हणजे शिंदीच्या झाडाची ताडी. प्रत्येक झाडावर नंबर घालायचा, दुकानं तपासायची, सीलबंद माल सांभाळायचा. बाप म्हणायचा, "एवढं शिकून झाडं आन् बाटल्याच मोजून राह्यला काय रे? मोजाले तं मलेबी येते."

आदिलाबादच्या ऑफिसर्स क्लबात आठ-दहा मेंबरांची एक वेगळी मंडळी होती. लोक त्यांना वाइन क्लब म्हणत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांचं एक जेवण व्हायचं. पाच पदार्थ एकामागून एक यायचे आणि प्रत्येकाबरोबर वेगळी वाइन. मला हे श्रीमंती खूळ वाटायचं. एकदा मी तसं बोललोही. तेव्हा खानसामा रसूलचाचांनी मला विचारलं होतं, "तुमच्या घरी पुरणावर काय वाढते?"

"तूप."

"आन् ठेच्यासंगं?"

"दही."

"उलटं वाढून पाहा एक डाव. मंग हे बी तसंच हाय, साब."

ते वर्ष राज्यांच्या फेररचनेचं होतं, एकोणीसशे छप्पन्न. एक नोव्हेंबरपासून हैदराबाद राज्य राहणार नव्हतं. त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत जाणार होते. आमच्या जिल्ह्यातून किनवट, राजुरा मुंबई राज्याकडे आणि बाकीचा भाग आंध्र प्रदेशाकडे. दफ्तरात रोज याद्या लागत होत्या, कोण कुठे जाणार त्याच्या. क्लबचे सेक्रेटरी नाईकसाहेब इंजिनिअर होते. त्यांची नेमणूक नांदेडला झाली होती. मुंबई राज्यात दारूबंदी होती, त्यामुळे इकडची एकही बाटली तिकडे नेता येणार नव्हती. म्हणून ठरलं की दिवाळीच्या आधीच शेवटचं जेवण करायचं आणि स्टॉक संपवायचा.

पुढे क्लब चालेल की नाही याची खात्री नव्हती, आणि चालला तरी खानसामा कोण ठेवणार? हैदराबादच्या एका गेस्ट हाऊसला जाणता खानसामा हवा होता. नाईकसाहेबांनी शिफारसपत्र दिलं की चाचांचं काम होणार होतं. सिरक्याच्या वासानंतर साहेब म्हणाले, "कसलं पत्र? काय लिहू त्यात?"

आता माझं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी क्लबच्या लायसन्सचं नूतनीकरण अडकलं होतं. तेवढ्या काळापुरता स्टॉक सीलबंद करायचा हुकूम निघाला आणि मला चार्ज घ्यायला पाठवलं. ती माझी पहिलीच स्वतंत्र कामगिरी. कोठीत गेलो तर बाटल्या आडव्या पडलेल्या, धुळीने माखलेल्या, लेबलं खाली दबलेली. मोजणार कशा? मी सगळ्या पुसून कपाटात उभ्या लावायला घेतल्या. शेरी एका रांगेत, पोर्ट एका रांगेत, लेबल समोर.

चाचा दारात उभे होते. म्हणाले, "साब, यायले उभं नका करू. निजलेल्याच राहू द्या."

मी म्हणालो, "चाचा, दारूच्या बाटल्या म्हणजे काय बाळंतिणी आहेत, निजवून ठेवायला?"

बरोबरचा कारकून खो खो हसला. चाचाही थोडं हसले. मी कपाटाला कुलूप लावलं, त्यावर लाखेची मोहोर उठवली आणि रजिस्टरमध्ये वळणदार इंग्रजीत नोंद केली: एकोणचाळीस बाटल्या उभ्या लावून, लेबल दर्शनी ठेवून, मोजल्या व सीलबंद केल्या. खाली सही. वरिष्ठांनी ती नोंद वाचून मला शाबासकीही दिली होती. लायसन्स सुटायला पुरी दोन वर्षं गेली; तोवर ती जेवणंही बंद राहिली, आणि आता सील तोडायला मीच रजिस्टर घेऊन आलो होतो.

त्या दिवशी मात्र नाईकसाहेब निघून गेल्यावर मी चाचांना पहिल्यांदा नीट विचारलं, "यायले निजवून काऊन ठेवतात?"

त्यांनी एक जुनं बूच माझ्या तळहातावर ठेवलं. "हे लाकूड हाय, साब. बाटली आडवी असली तं आतल्या वाइननं भिजत राह्यते, फुगून बसते. उभी केली का सुकते. सुकलं का हवा आत. आन् आपल्याकडचा उन्हाळा तुमाले माहीतच हाय."

दोन उन्हाळे झाले होते.

"मग साहेबांना माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुमचं प्रोबेशन चालू हाय ना? मी म्हातारा माणूस. माझं काय, सालभर निघते कसंबी." मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "पर हैदराबादले पोरगी हाय माझी. तिच्याजवळ गेलो असतो."

मी घरी गेलो. जेवण गेलं नाही. प्रोबेशन म्हणजे कच्ची नोकरी. कायम व्हायला माझे चार महिने उरले होते. बापाने गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा साहेब झाला.

सकाळी मी रजिस्टर काखेत मारलं आणि नाईकसाहेबांच्या ऑफिसात गेलो. ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. चाचांनी काय सांगितलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं, बाळंतिणींसकट.

त्यांनी नोंद दोनदा वाचली. "अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "काल का बोलला नाहीस?"

"भ्यालो, साहेब."

"आणि आज?"

"सही माझी आहे, साहेब."

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. "हे तुझ्या वरिष्ठांना कळवावं लागेल, कळतंय ना?"

"हो."

"बरं. मग आता माशाबरोबर काय वाढायचं ते सांग. हे रजिस्टर?"

आम्ही दोघं क्लबात गेलो. साहेब चाचांसमोर थांबले. "रसूल, काल मी नको ते बोललो," एवढंच म्हणाले आणि कोठीत शिरले. प्रत्येक बाटली उघडून पाहिली. माझ्याकडे हायड्रोमीटर होता. काचेची ती नळी दारूचा जोर सांगते, चव सांगत नाही. चव चाचांचं नाक सांगत होतं. शेरी बरी निघाली, पोर्ट उत्तम. या दोन्हींत वरून स्पिरिट घातलेलं असतं, त्यामुळे त्या सहजी बिघडत नाहीत. पांढरी वाइन झाडून सगळी गेली होती. कपाटातली लालही गेली होती. पण कोपऱ्यात खिळे ठोकलेली एक पेटी होती. ती मी न उघडता तशीच सील केली होती. तिच्यात सहा लाल बाटल्या निजलेल्या होत्या, आणि सहाही चांगल्या निघाल्या. माझा हात लागला नव्हता म्हणून वाचल्या.

म्हणजे शोरब्याला शेरी, तितराला लाल वाइन, खुबानीच्या मिठ्याला, म्हणजे जर्दाळूच्या गोडाला, पोर्ट. मधले दोन पदार्थ उघडे पडले: पैनगंगेचा तळलेला मासा आणि हिरव्या मिरचीचे कबाब.

"त्यांच्यासंगं काय लागते?" मी विचारलं.

चाचा बोटं मोजू लागले. "थंडी पायजे. हलकी आंबट. गोडी इतकुशी. फेस असला तं अजून चांगलं, तेल कापते, मिरची धुते."

हे वर्णन मी रोज ऐकत होतो, फक्त वेगळ्या लोकांच्या तोंडून. सेंधी शिळी आहे की ताजी, हे ओळखणं माझ्या कामातच होतं. सकाळी बांधलेलं मडकं चार वाजता उतरवलं तर सेंधी अगदी अशी असते. आणखी रात्रभर ठेवली तर नुसती आंबट.

"सेंधी?" नाईकसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "बाजारात हमाल पितात ती?"

"ते सातनंतरची पितात, साहेब. ही चारची."

चाचा हसले. "पाहू तं द्या, साब."

मी ठेकेदाराच्या दुकानाकडून रीतसर पास करून घेतला आणि सायकलवर शिंदीच्या बनात गेलो. मल्लय्यागौड झाडावरच होता. सेंधी उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. क्लबासाठी हवी म्हटल्यावर तो वरूनच ओरडला, "एकशेसतरा नंबरची न्या, सार! ती गोड आहे. तिकडची अठ्ठावीस नंबरची फुळकवणी."

ते नंबर मीच रंगवले होते. त्यांना चवही असते हे मला त्या दिवशी कळलं.

चाचांनी मडकी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली. मलमलीतून सेंधी दोनदा गाळली. एक घोट घेऊन डोळे मिटले आणि नुसती मान हलवली. माझ्या बिघडवलेल्या वाइनचंही त्यांनी सोनं केलं. कबाबाचं मटण त्याच सिरक्यात मुरत घातलं. उरलेल्याचा मी पंचनामा करून नाश केला.

दिवेलागणीला मेंबर जमले. गोष्टी बदल्यांच्याच चालल्या होत्या, कोण कुठे, मुलांच्या शाळेचं काय. शोरबा झाला, शेरी झाली. मग मासा आला आणि उंच ग्लासांत ती धुरकट, बुडबुड्यांची सेंधी. मी दाराशी उभा होतो.

म्हैसूर राज्यात निघालेले एक डॉक्टर होते. त्यांनी घोट घेतला, मासा खाल्ला, पुन्हा घोट घेतला. "नाईक, ही फार मजेदार आहे. कुठल्या मळ्याची?"

नाईकसाहेबांचा चेहरा जराही हलला नाही. "आबकारीच्या. झाड नंबर एकशेसतरा."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग जो हशा उठला तो कबाब येईपर्यंत थांबला नाही. कबाबाबरोबर दोघांनी परत मागून घेतली. सेंधी संपली, मिरची उरली.

शेवटी पोर्टचा ग्लास हातात घेऊन नाईकसाहेब उभे राहिले. "परवापासून मी कोरडा. पण आजचं जेवण विसरणार नाही. याचं श्रेय रसूलचं आहे. आणि जे बिघडलं होतं त्यात त्याचा काही दोष नव्हता. हे मी सर्वांसमोर सांगतो." बिघडवलं कोणी हे त्यांनी सांगितलं नाही. मीच एक पाऊल पुढे होऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग एकशेसतरा पण तुझंच का?" मी हो म्हणालो. "मग हिशेब चुकता," ते म्हणाले.

खात्यात मात्र तो तसा चुकता झाला नाही. मला मेमो मिळाला: यापुढे तांत्रिक बाबतीत जाणकाराचा सल्ला घ्यावा. माझं कायम होणं सहा महिने लांबलं. बापाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. खोटं बोलून पक्का झाला असता तं मीच कच्चा केला असता तुले."

चाचांना पत्र मिळालं आणि नोकरीही. पुढे कामानिमित्त हैदराबादला गेलो असताना मी गेस्ट हाऊसवर त्यांना भेटलो. त्यांनी आधी मला नातू दाखवला आणि मग कोठी. मांडणीवर सगळ्या बाटल्या ओळीने आडव्या होत्या.

"पाहा, साब," ते म्हणाले. "सगळ्या बाळंतिणी खुशाल हायत."

त्यानंतर सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि कितीतरी चार्ज घेतले. वस्तूला हात लावण्याआधी मी दरवेळी ती आजवर सांभाळणाऱ्याला विचारायचो, "ही अशी काऊन ठेवली?" उत्तर ऐकून मगच मोजायचो.