विज्ञानाच्या बाईंची भीती

इंदूर शहरात रोज जेवढी काळजी केली जाते, तिच्यातली निम्मी तरी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई एकट्या करत असत, असं माझं प्रामाणिक मत आहे. उरलेली निम्मी बाकीच्या शहराने वाटून घ्यावी. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून त्यांच्या पर्समध्ये एक कांदा असे, आणि तो सडला तर काय करायचं या काळजीने दुसरा कांदा असे. ज्या गावात पोह्यांवर मूठभर सेव पडल्याशिवाय माणसाची सकाळ होत नाही, त्या गावात जन्म काढून बाईंनी ठेल्यावरचे पोहे कधी तोंडात घातले नाहीत. "तेल किस दिन का आहे, कुणाला ठाऊक!" सराफ्यातून जायची वेळ आली, तर पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, डावीउजवीकडे बघत त्या इतक्या झपाट्याने चालत, की दुकानदारच त्यांच्याकडे संशयाने पाहू लागत. एकदा तर एका सराफाने खरोखरच आपला माणूस त्यांच्या मागे धाडला. बाईंना वाटलं, चोर मागे लागला. त्या पळाल्या, म्हणून तोही पळाला. राजवाड्यापाशी दोघं थांबली तेव्हा दोघांनाही सारखीच धाप लागली होती, आणि बाईंनी आपल्या बाटलीतलं उकळलेलं पाणी आधी त्याला प्यायला दिलं.

शाळेत तर त्यांच्या काळजीला सरकारी पगार असल्यासारखी शिस्त होती. प्रयोगशाळेचं कुलूप त्या लावत, ओढून बघत, जिना उतरत आणि पुन्हा वर येऊन ओढून बघत. शाळेत काहीही फुटलं, सांडलं, पेटलं किंवा नुसतं पेटेलसं वाटलं, तरी एका वहीत वेळेसकट लिहून ठेवत. "उद्या चौकशी झाली तर?" अशी चौकशी तीस वर्षांत एकदाही झाली नव्हती, पण झाली असती, तर चौकशी करणाऱ्यांची काहीच गैरसोय झाली नसती. आणि प्रयोगशाळेतला तो छताचा पंखा! तो आपल्या डोक्यावर पडणार, याबद्दल बाईंची खात्री होती. त्यामुळे त्या कोपऱ्यात उभ्या राहून शिकवत आणि सगळा वर्ग माना वाकड्या करून शिकत असे. हेडसरांकडे तक्रार गेली की ते म्हणत, "बाई, पंखा है, हिलेगाच ना."

मी गणित शिकवायला त्या शाळेत लागले, तेव्हा परदेशीपुऱ्याच्या आसपासच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. ज्या भोंग्यावर वस्ती उठायची, जेवायची, पोरांना शाळेत ढकलायची, तो भोंगाच वाजेनासा झाला. अर्ध्या वर्गाचे वडील घरी बसले होते. वर्तमानपत्रांत देश व्यापाराला मोकळा होत असल्याच्या बातम्या येत आणि आमच्या वर्गांतल्या खिडक्यांच्या काचा फुटत. मारामाऱ्या, शिव्या, फाडलेली पुस्तकं. आम्हा मास्तरलोकांपाशी यावर दोनच औषधं होती: छडी आणि शाळेचा दाखला हातात देणं.

बाईंपाशी दोन्ही नव्हती. त्यांच्यापाशी प्रश्न होते. काय खाल्लंस? किती वाजता झोपलास? घरी कोण आहे? एकदा दहावीतल्या एका दांडगटाने रागाच्या भरात बाकाचा पाय उपटला. हेडसर छडी घेऊन येईपर्यंत बाई पोचल्या, त्याचा तळवा उलटासुलटा करून पाहिला आणि किंचाळल्या, "अरे, हा तर गंजलेला खिळा! धनुर्वात होईल!" आणि त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं, सुई टोचवली, वर तीन दिवस रोज मधल्या सुट्टीत त्याचा जबडा हलतो का ते तपासलं. त्या पोराने पुन्हा बाकाला हात लावला नाही. शाळेत म्हणत, हा मायेचा परिणाम. मला वाटतं, निम्मा सुईचा असावा.

पण संगीतापुढे मायाही चालेना आणि छडीही चालेना. नववीतली ही मुलगी काटकुळी, दोन घट्ट वेण्या घातलेली. शेवटचा तास माझा असे आणि तो सुरू झाला की हिच्या अंगात वारं शिरे. शेजारणीचं पुस्तक फाडलं. माझ्या साडीवर शाई उडवली. मी रोज शाळा सुटल्यावर तिला तासभर बसवून ठेवत होते, आणि ती रोज नवीन गुन्हा करत होती. शेवटी एका दुपारी तिने कंपासपेटी भिरकावली, खिडकीची काच फुटली आणि तिचा तुकडा एका मुलीच्या कपाळाला लागून रक्त आलं. मी तडक हेडसरांच्या खोलीत गेले. "सर, एक तर ती राहील, नाही तर मी." हेडसरांनी दाखल्यांचं पुस्तक बाहेर काढलं.

तेवढ्यात बाई आपली वही घेऊन आत आल्या. "अगं, एक बात मला समझत नाहीये. हिची सगळी तोडफोड चारनंतरच का आहे?"

"कारण तेव्हा माझा तास असतो," मी फणकारले.

"सोमवारी तुझा तास दुसरा असतो. तेव्हा काय करते?"

मी आठवून पाहिलं. सोमवारी ती खाली मान घालून गणितं सोडवत असे.

"आणि शिक्षा म्हणून थांबवतेस तेव्हा?"

"गप्प बसते."

बाईंचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "म्हणजे हिला घरी जायचं नाहीये गं. घरी काय असेल?" त्यांनी आपली वही हेडसरांपुढे उघडून ठेवली. "सर, आठ दिवस द्या. ऐसा कागज हाताने लिहून दिला आणि तिकडे काही भलतंच निघालं, तर मला आयुष्यभर झोप येणार नाही." बाईंना तशीही झोप येत नसे, हे हेडसरांना माहीत होतं, तरी त्यांनी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर आम्ही दोघी संगीताच्या घरी निघालो. बाईंनी बांगड्या काढून ठेवल्या होत्या, कुत्र्यांसाठी छत्री घेतली होती आणि गळ्यात पीटीच्या सरांची शिट्टी अडकवली होती. टेम्पोत त्या सारख्या पुटपुटत होत्या, "बाप पीत असेल. मारत असेल. आपल्याला हाकलून देईल." पण घरात तसं काहीच नव्हतं. चाळीतली एक स्वच्छ खोली. मिलमध्ये यंत्रांची दुरुस्ती करणारे तिचे वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. आम्ही नमस्कार केला, त्यांनी वळून पाहिलं नाही. आई खालच्या आवाजात म्हणाली, "मिल बंद झाली तेव्हापासून असेच आहेत. पीत नाही, ओरडत नाही, काहीच नाही. मी पापडाच्या कामाला जाते, सातला येते. तोपर्यंत ही आणि ते, दोघंच."

आईनेच सांगितलं, पूर्वी संगीता मधल्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन मिलच्या फाटकाशी जायची. जेवता जेवता ते तिला सांगायचे, आज कुठलं यंत्र रुसलं होतं, कसं मनवलं.

दारात उभ्या असलेल्या संगीताने आमच्याकडे न बघताच सांगितलं, "घरी येऊन काय करू? मी इथे ग्लास फोडला, तर पलटून देखील बघितलं नाही."

मला बाहेर पळावंसं वाटत होतं. धीर वगैरे देणं बाईंना येत नसे. त्यांनाच तो कधी कुणी पुरेसा दिला नव्हता. त्यांनी आपल्या मनात होतं तेच काढलं. "भाऊ, आमच्या प्रयोगशाळेत एक पंखा आहे. तो माझ्या डोक्यावर पडणार आहे." आणि मग त्या पंख्याबद्दल न थांबता बोलत राहिल्या: किती हलतो, कुठल्या बाजूला झुकतो, खाली किती मुलं बसतात.

बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला. "आवाज कैसा येतो?"

"खट्... खट्... घुर्र," बाईंनी मान फिरवत करून दाखवलं. संगीता फिसकन हसली.

"दोन्ही खट् सारखे?"

"नाही. दुसरा बारीक."

ते वळले. डोळे लाल होते. "बंद ठेवा तो. मी उद्या येतो."

ते शाळा सुटल्यावर आले, पाने घेऊन. संगीताने स्टूल धरलं. वरून त्यांनी बोटाने काहीतरी चाचपलं आणि खाली उतरून म्हणाले, "हुक पूर्ण घिसला आहे. बाईजी, तुम्ही बरोबर घाबरत होता." बाई खाली बसल्या. एवढ्या आयुष्यात हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं. त्यांचे डोळे भरून आले. आणि मग, आपलं आणखी काय काय बरोबर असेल, या विचाराने त्यांना घाम फुटला.

त्यानंतर ते अधूनमधून येत राहिले. नळ, कड्या, डगमगणारी बाकं. बाईंच्या काळज्यांमुळे कामाला तोटा नव्हता. शाळा सुटल्यावर संगीता त्यांच्याजवळ बसे. ती एकदम शहाणी झाली असं मुळीच नाही. दिवाळीनंतर तिने आणखी एक काच फोडली. पण त्या दिवशी ती आपणहून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आज डोकं खराब होतं." मी पहिल्यांदाच तिला शिक्षा सोडून काहीतरी विचारलं: नुसत्या आवाजावरून तुझ्या बाबांना यंत्राचा रोग कसा कळतो? ती वीस मिनिटं सांगत होती. एवढं बोलताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

गिरणी काही उघडली नाही. संगीता दहावी झाली, गणितात दुसऱ्या खेपेला, आणि मग तिच्या वडिलांना सुरतेला यंत्रमागांवर काम मिळालं. स्टेशनवर बाईंनी तिला इतक्या सूचना दिल्या, की गाडी सुटली तरी निम्म्या उरल्या होत्या. त्या त्यांनी चालत्या गाडीबरोबर ओरडून पुऱ्या केल्या.

परतताना मी राहत होते त्या स्नेहलतागंजपर्यंत आम्ही पायीच आलो. बाई अजून मागे वळून स्टेशनकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला ना, पोरांची फार भीती वाटते गं. तीस वर्षं झाली, वर्गात शिरण्याआधी अजून दाराबाहेर दहा आकडे मोजते. ज्याची जास्त वाटते, त्याच्या घरी आधी जाऊन येते. भीती काही जात नाही. पण मग त्याची वाटायच्या ऐवजी त्याच्यासाठी वाटायला लागते. ते जरा बरं पडतं."

माझ्या दारापाशी त्या वळल्या. मी जिना चढून खोलीत आले आणि कुलूप काढता काढता मला आठवलं: नोकरीच्या पहिल्याच महिन्यात बाई माझ्या या खोलीवर आल्या होत्या. खिडकीला जाळी आहे का, ते बघायला. चहाला हात न लावता तासभर बसल्या, धारचं घर का सोडलं ते विचारलं, आणि कुणालाच न सांगितलेलं मी त्यांना सांगून बसले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या जाळीची गोष्ट सांगून मी सगळ्यांना हसवलं होतं. त्या महिन्यात मी मुलांच्या हातांवर दोन पट्ट्या मोडल्या होत्या.

बाई आता नाहीत. त्या खरंच जाळी बघायला आल्या होत्या का, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.