उगवतीच्या बांधाला कोण?

ताराकाकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी फोनवरच होतो. कोरेगाव भीमाजवळच्या आमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती, डबा समोर उघडा होता आणि शिरूरकडचा एक कांदावाला मला त्याच्या बांधाची हकिगत सांगत होता. मधे दोनदा चुलतभावाचा फोन आला, दोन्ही वेळा मी तो कापला. कांदावाल्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग भावाला उलटा फोन लावला. "काय रे, एवढी कसली घाई?" असंही विचारून मोकळा झालो. तो म्हणाला, "आई गेली. जेवून निघ तू." डबा मी तसाच मिटला.

याला आता सहा-सात आठवडे होतील. काकूंविषयी चार चांगले शब्द लिहून द्या, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि मग लिहायला हातच उचलेना. चांगलं लिहायला हवं तितकं आहे. पण ते लिहायचं तर त्याच्या पोटातली एक वाईट गोष्टही लिहावी लागणार, आणि ती माझी आहे.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते कासुर्डीत शेवंती लावायचे, काकू मात्र दौंडच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायचा तो काळ. दिवसभर कानाला लोकांचे आवाज, त्यामुळे 'हॅलो' एवढ्यावरून माणूस कुठल्या अंगाचा, खरं बोलतोय की थापा मारतोय, हे त्यांना कळायचं. लहानपणी शाळा बुडवून मी सिनेमाला गेलो की काकूंसमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर त्या फुलांत रमल्या आणि एक दिवस मला म्हणाल्या, "सुन्या, व्हाट्सॲपवर इचारलेलं चार दिसांत बुडून जातं बघ. मावा पडला तवा काय फवारलं हुतं, ते परत सापडत न्हाई. कायतरी टिकाऊ काढ." कॉम्प्युटरचं काम हा माझा कारखान्यातला धंदाच. त्यातून आमचा 'बांधकट्टा' निघाला. शेतकऱ्यांनी प्रश्न विचारायचे, शेतकऱ्यांनीच उत्तरं द्यायची, जुनं सगळं शोधून काढता यायचं, असं साधं संकेतस्थळ. फुलं, कांदा, ऊस, जनावरं असे विभाग केले आणि काकूंच्या हट्टाने 'घरातलं' असाही एक ठेवला. त्यात आजारपणापासून सुनेच्या भांडणापर्यंत काहीही चालायचं.

गूळ दिसला की मुंग्या येतातच. वर्षभरात खोटी खाती घुसायला लागली. घरबसल्या कमवा, अमुक दाबा, तमुक जिंका. रोज सकाळी शंभर पोस्टी पुसायच्या हा माझा उद्योग होऊन बसला. ते एक वेळ परवडलं, पण एकाने आपल्याच भागातल्या बागायतदाराचं नाव आणि फोटो लावून फुलं दुप्पट करणारं औषध खपवलं. वरवंडच्या एका पोराने ते मारलं आणि त्याची तोडणीला आलेली शेवंती चार दिवसांत करपून गेली. तो काकूंच्या दारात येऊन नुसता उभा राहिला, भांडलाही नाही. काकूंना ते फार लागलं. "माझ्या दारातनं चोर आत गेला," एवढंच त्या दोन दिवस म्हणत होत्या.

मी दाराला मशीन बसवलं. चित्रांचं कोडं सोडवा, तरच आत. पण त्या चित्रांत परदेशातले आग विझवायचे नळ आणि पिवळ्या बसगाड्या. खोटी खाती ते कोडं झटक्यात सोडवायची आणि आमचे आप्पा, आबा बाहेर चष्मा पुसत बसायचे. "ह्यो असला नळ आपल्या तालुक्यात कुणी बघितलाय व्हय?" काकू म्हणाल्या. "काढ ते. मी बघते." आणि त्यांनी आपलं जुनं हत्यार काढलं. नवा अर्ज आला की त्या स्वतः फोन लावायच्या आणि रामराम झाला की एकच प्रश्न विचारायच्या, "तुमच्या उगवतीच्या बांधाला कोण हाय?"

खरा शेतकरी इथे अडत नाही, उलट त्याला थांबवावं लागतं. "कोण म्हंजी, आमचाच चुलता. दोन सऱ्या आत सरकलाय, मोजणी आणली तरी ऐकंना..." मग मावळतीचा बांध, मग खालच्या अंगाचं पाणी. काकू हूं हूं करत सगळं ऐकायच्या आणि मंजुरी द्यायच्या. "बांधावरनं भांडण न्हाई त्यो शेतकरी कसला?" एकदा एक जण म्हणाला, "मॅडम, ईस्ट में रोड है." काकूंनी विचारलं, "आन् रोडच्या पल्याड?" पलीकडून फोन बंद. एवढ्यावर त्यांनी बांधकट्टा स्वच्छ ठेवला. माझ्यासाठी वहीत नियमही लिहून ठेवले होते. फोन भरपूर वाजू द्यायचा, कारण माणूस मोटर बंद करून येतो. आणि एका फोनवर कुणाला नाकारायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचा. मी हसायचो. म्हणायचो, काकू, चोराला दोनदा विचारता होय? "चुकून माझ्या दाराबाहेर खरा माणूस राह्यला तर?" त्या म्हणायच्या.

मागच्या वर्षी त्यांचा आवाज बसला. सर्दी असेल, फोन जास्त झाले असतील, असं करत आम्ही महिने घालवले. मग पुण्याला नेलं, तेव्हा घशाचं दुखणं पुढे गेलेलं होतं. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक, श्वास तिथून, आणि आवाज कायमचा बंद. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले, तिच्या वाट्याला हे यावं... मला त्या वेळी देवाचा फार राग आला होता, अजूनही आहे. घरी आल्यावर काकूंनी अर्जांचं काम मला दिलं आणि स्वतः शेवंतीत जाऊन बसायला लागल्या. बोलायचं ते वहीत लिहायच्या. पहिले काही दिवस आम्ही सगळे वहीवर वाकून वाचायचो. पुढे पुढे त्या लिहायला लागल्या की माणसं म्हणायची, "असू द्या, असू द्या, कळलं." मीही म्हणालोय.

फोनचं काम मी जेवणाच्या सुट्टीत उरकायचो. चार-पाच अर्ज, एका दमात. अशाच एका दुपारी एक नंबर लावला. नाव यशोदा, गाव शिरूर तालुक्यातलं, घोडनदीच्या काठचं. फोन उचलला गेला. मी विचारलं, "ताई, तुमच्या उगवतीच्या बांधाला कोण?" उत्तर नाही. नुसती हवा सुटल्यासारखा आवाज, थांबून थांबून. कँटीनमध्ये ताटांचा गोंधळ चालला होता. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. "बोलायला तोंड नाही आणि निघालात लोकांना फसवायला. पुन्हा अर्ज करू नका," असं म्हणालो आणि फोन ठेवला. अर्ज नाकारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला नाही.

त्या रविवारी मी कासुर्डीला गेलो होतो. काकू पडवीत देठं खुडत बसल्या होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी तिखटमीठ लावून सांगितलं, "काकू, तुमच्या प्रश्नाने परवा एक पकडला बघा. तोंडच उघडेना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वही ओढून लिहिलं, 'दुसऱ्यांदा लावला का?' मी म्हणालो, "अहो, तसल्याला कशाला दुसऱ्यांदा?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली. मी चहा घेतला, फुलांच्या भावाबद्दल बोललो आणि निघालो. त्यानंतर पंधरा दिवसांत त्या गेल्या.

दशक्रियेला माहेरची माणसं आली. काकूंचे थोरले भाऊ, काठी टेकत आलेले, नदीकडे तोंड करून बसले होते. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, "आमची येसू लई बोलकी हुती रं. तिचं त्वांड कुणी बंद करू शकलं न्हाई." मी विचारलं, "येसू कोण, मामा?" त्यांनी पेला तसाच खाली ठेवला. "तुमची तारा. लग्नात नाव बदललं तुम्ही. आमच्यात ती यशोदाच."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, आणि बदललं की जुनं कुणी विचारत नाही. मी चाळिशी ओलांडली, काकूंच्या हातचं खाऊन मोठा झालो, पण त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव मला नदीकाठी, त्यांच्या दहाव्याला कळलं. घरी येऊन मी तो नाकारलेला अर्ज उघडला. अर्जात सगळं खरं होतं. नाव खरं, गाव खरं, त्यांच्या माहेरचं. नंबर त्यांच्या सुनेच्या जुन्या मोबाईलचा होता, तो कपाटात पडलेला असायचा. फोन येणार, हे त्यांना माहीत असणारच, नियमच त्यांचा. तरी अर्ज केला. मला वाटतं, पहिल्या फोनला आवाज मिळाला नाही तर मी दुसऱ्या दिवशी लावीन, नाहीतर चार ओळी लिहून विचारीन, एवढा भरवसा त्यांनी माझ्यावर ठेवला होता. आणि तो श्वास... तो मी दर रविवारी त्यांच्या शेजारी बसून ऐकत होतो. मला तो ओळखू यायला हवा होता.

अर्जाबरोबर पहिला प्रश्न लिहावा लागतो. फोनच्या घाईत मी तो कधी वाचत नसे. त्यांनी 'घरातलं' विभागासाठी लिहिला होता. ताराकाकू म्हणून त्यांना तो विचारायचा नसावा. सगळ्यांना उत्तरं देणारी बाई ती. प्रश्न असा होता: 'माझा आवाज गेला आहे. दुखत काही नाही. पण शेतात एकटी असताना घरच्यांना हाक मारता येत नाही, आणि हाक मारल्याशिवाय कुणी बघत नाही. कुणाच्या घरी असं माणूस आहे का? ते हाक कशी मारतात?'

मी त्या अर्जाला मंजुरी दिली. नियमात बसतं की नाही, हे मी बघितलं नाही. प्रश्न लागला आणि दुपारच्या आत शिरूर तालुक्यातल्या एका माणसाचं उत्तर आलं. काकूंच्या निधनाची बातमी बांधकट्ट्यावर होतीच, पण ही यशोदा कोण ते त्यांना कुठून कळणार? त्यांनी लिहिलं होतं, 'यशोदाताई, आमच्या आबांचं पण हेच ऑपरेशन झालंय. आम्ही खुरप्याच्या मुठीजवळ सायकलची घंटी बसवली. तीन शेतं लांब ऐकू येती. आवाज काढायचं एक यंत्र पण असतं, ते शिकवणाऱ्या बाईंचा पत्ता देतो. माझा नंबर लिहून ठेवा आन् कवाबी लावा. बोलता आलं न्हाई तरी लावा.'

यांना कळवायला हवं, म्हणून मी त्यांना फोन लावला. पलीकडून "हॅलो, कोण?" आलं. मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. नुसता श्वास चालला होता माझा, तो मलाही ऐकू येत होता. फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही. मागे मोटर चालू होती, ती त्यांनी कुणाला तरी सांगून बंद करायला लावली.

"यशोदाताई हायसा का?" ते म्हणाले. "असू द्या, बोलू नका. दमानं घ्या. मी हाय फोनवर."